एका नावाची पंगत

माझं नाव मी इथे सांगणार नाही. आमच्याकडच्या नावांनी एकदा जो धुमाकूळ घातला, तो पाहता कुणाचंच नाव न घेतलेलं बरं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीकडची गोष्ट. शिरूरला एका दूध संघाच्या कचेरीत मी टायपिस्ट होते. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतले दूधवाले संघाचे सभासद होते. टायपिंग मी मिशनच्या वर्गात शिकले आणि तापटपणा घरी. आई निमोण्यात राहायची, दोन म्हशी सांभाळायची, आणि तीही संघाची सभासद होती. वडील दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. ते तिथे एकटे राहत नव्हते, एवढं सांगितलं की पुरे. मी चौथीत असताना ड्यूटी बदलली म्हणून ते गेले, आणि ती ड्यूटी काही संपली नाही.

दौंड म्हणजे काही परमुलूख नव्हे. न्हावऱ्यावरून एसटी जाते. पण आई कधी गेली नाही आणि ते कधी आले नाहीत. मी विषय काढला की आई म्हणायची, "मी काय बोलावणार न्हाई. त्यांस्नी वाट ठावी हाय." आणि एवढं बोलून झाल्यावर दाराकडे बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी तिच्यावर चिडायचे, कारण चिडायला वडील समोर नसायचे.

तर संघाचे चेअरमन. त्यांना सगळे आप्पा म्हणत. दरसालच्या सभेला सभासदांना जेवण असायचं, आणि एका सभासदामागे घरचे पाच-सहा जण येऊन जेवून जायचे. विरोधी पार्टीचे संचालक त्यावरून आप्पांना धारेवर धरत. आप्पांनी पुण्याला कुठेतरी कॉम्प्युटर बघितला आणि त्यांना साक्षात्कार झाला. यंदा जेवणाचे पास कॉम्प्युटर छापणार. ज्याचा पास त्यानंच जेवायचं, आणि पासावरच्या नंबरानुसारच पंगतीत बसायचं. "कॉम्प्युटर चुकत न्हाई," असं ते गावोगाव सांगत सुटले. कोरेगाव भीमाला कुणीतरी विचारलं, "आप्पा, आन् चुकला तर?" आप्पा म्हणाले, "तर मी राजीनामा देतो." विरोधी पार्टीनं हे वाक्य जपून ठेवलं.

कॉम्प्युटरचं काम पाहायला आप्पांचा भाचा पुण्याहून आला. हा प्रोग्रॅम लिहायला शिकलेला, चष्मा लावणारा, चहात खारी बुडवताना ती नेहमी चहातच हरवणारा मुलगा. त्यानं मला चौकटी छापलेले कागद दिले. एका चौकटीत एकच इंग्रजी अक्षर लिहायचं. सभासदाचं नाव, मग एक मोकळी चौकट, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पुन्हा एक मोकळी चौकट, मग आडनाव. ते कागद पुण्याला जाणार, तिथे त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडणार आणि ती कार्डं यंत्र वाचणार.

"पण एवढं तोडून तोडून कशाला?" मी विचारलं. "आख्खं नाव लिहिलं की वाचता येत नाही का त्याला?"

"यंत्राला नाव वगैरे कळत नाही," तो म्हणाला. "त्याला अ‍ॅरे लागतो."

"म्हणजे?"

"म्हणजे एकापुढे एक घरं, प्रत्येक घरात एक वस्तू. रांग म्हणा."

"रेशनची?"

"नाही, ती पुढे सरकते. ही बसलेली असते."

"मग पंगत म्हणा की."

तो खूश झाला. त्यानंतर त्यानं सगळं पंगतीतच समजावलं. पास छापणाऱ्या प्रोग्रॅमचं काम एवढंच, की पुढ्यात आलेल्या पंगतीतून चालत जायचं आणि बसलेल्या प्रत्येकाला एकेक पास द्यायचा. पंगत सोडून दुसरं काही त्याच्या पुढ्यात ठेवलं तर तो अडून बसतो.

"आणि माणूस एकटाच असला तर?" मी विचारलं.

"तर त्याला उचलून त्याची एकट्याची पंगत करायची. त्याशिवाय त्याला वाढता येत नाही."

"आणि कुणीच नसलं तर?"

"तर रिकामी पंगत. पण पंगत पाहिजेच."

"आमच्यात याला वेडेपणा म्हणतात."

"आमच्यात नोकरी म्हणतात," तो म्हणाला आणि बुडालेली खारी चमच्यानं शोधू लागला.

मी चौकटी भरू लागले. एका सभासदानं वडिलांचं नाव कधी लिहूनच दिलं नव्हतं, तर भाच्याच्या सांगण्यावरून तिथे काही न लिहिता दोन मोकळ्या चौकटी शेजारी शेजारी सोडल्या. आईचं नाव आलं तेव्हा तिच्या नावापुढे वडिलांचं नाव मी जरा दाबूनच लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

पास आले ते पोत्यांतून. संघाच्या जीपमधून दोन शिपाई ती पोती उतरवत होते आणि आप्पा कौतुकानं बघत होते. "केवढं काम केलंय बघा पठ्ठ्यानं," ते म्हणाले. मी एक पोतं उघडून वरचा पास काढला. त्यावर जेवणाचा दिवस नि ठिकाण, नंबर आणि एका सभासदाचं नुसतं नाव. पुढचा काढला, त्यावर पुढचा नंबर आणि त्या सभासदाच्या वडिलांचं नाव. तिसऱ्यावर आडनाव. मग दुसरा सभासद, त्याचे वडील, त्याचं आडनाव. जो सभासद वडिलांबद्दल गप्प होता त्याच्या नावानंतर एक पास आला, त्यावर नंबर होता आणि नावाच्या जागी काहीच नव्हतं.

मी भाच्याला पास दाखवले. त्यानं पोत्यातून आणखी चार-पाच पास काढून बघितले. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आख्खं नाव एक धरून त्याला पंगतीत बसवायचं होतं. मी मोकळ्या चौकटीवर तोडलं आणि नावाचीच पंगत बसवली."

"म्हंजी चुकलं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना राजीनामा दिसत असावा.

"कॉम्प्युटर नाही चुकला, मामा. त्याला जे सांगितलं तेच त्यानं..."

"कॉम्प्युटर चुकला न्हाई ना? मग झालं तर!" आप्पांनी पुढचं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधाच्या गाड्यांबरोबर सगळे पास गावोगाव रवाना झाले, आणि सोबत आप्पांचा निरोप गेला, की यंदा संघानं ठरवून सभासदाच्या वडलांचा आन् आडनावाचा बी मान राखलेला हाय.

मग जे सुरू झालं ते मी कचेरीत बसून बघत होते आणि पदर तोंडात कोंबून हसत होते. एका गावात चार भावांत आडनावाच्या पासावरून भांडण लागलं, आडनाव चौघांचं असताना ते एकट्यानं कसं जेवायचं म्हणून. एका घरी खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्याला पास आला आणि तो उठून बसला. कितीतरी जणांचे वडील वारलेले होते. ते कचेरीत येऊन विचारत, "मयताच्या पासावर वाढणार का?" आप्पा सांगत, "पास हाय ना? मग वाढणार. कॉम्प्युटरच्या वर आपण कोण?" सभासदांच्या बायका विचारायला आल्या, की पुरुषांचे वडील बोलावले, आडनाव बोलावलं, आन् रोज धारा काढणारीचं नाव कुठं हाय? त्यांना आप्पा भाच्याकडे धाडत. कोऱ्या पासावर कुणी बसायचं यावरून दोन संचालक एकमेकांशी बोलेनासे झाले.

माझं हसू थांबलं ते आई कचेरीत आली तेव्हा. ती दुधाच्या गाडीतून शिरूरला आली होती. पिशवीतून तिनं तीन पास काढले आणि माझ्या टेबलावर ओळीनं ठेवले. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"ह्यो कुणाचा?"

"तुझा."

"आन् ह्यो?"

मी मधल्या पासाकडे बघितलं. "त्यांचा."

आईनं हात पुसला आणि मग पासाला लावला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, तेव्हा ते वाचता येत नव्हतं याचं तिला काही वाटलं नसावं. "त्यांस्नी कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. तुझ्या नावात त्यांचं नाव आहे, तर यंत्रानं ते सुटं केलं आणि पास छापला. चुकीचं आहे ते. दे इकडे, फाडून टाकते."

"फाडू नगंस!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की शिपाई आत डोकावला. मग हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्याच्या नावची वस्तू हाय. ज्याची त्याला पोचती कर."

"मी?"

"मग काय मी जाऊ? मी बोलावलेलं न्हाई. मशीननं बोलावलंय. मशीन तुज्या कचेरीचं हाय."

मला कळलं की इतकी वर्षं ती याचीच वाट बघत होती. तिला त्यांना एकदा बघायचं होतं, आणि आपण बोलावलं असं व्हायला नको होतं. आता बोलावणारा असा मिळाला होता, की त्याला ना लाज ना अब्रू. तिसऱ्या, आडनावाच्या पासाकडे बोट करून ती म्हणाली, "आन् ह्यो तुजा. आडनाव तुलाच तेवढं ऱ्हायलंय." मी खूप चिडले. चिडून शेवटी दौंडची एसटी पकडली.

लोको शेडच्या फाटकावर मी निरोप धाडला. वडील चिंधीला हात पुसत बाहेर आले. केस पिकले होते. वर्षानुवर्षं मनात पाठ केलेलं भांडण माझ्याकडे तयार होतं, पण त्यांना हाक काय मारायची इथेच माझं अडलं. मी नुसता पास पुढे केला. रेल्वेत इंग्रजी अक्षरं वाचावी लागतात. त्यांनी आपलं नाव एकेक अक्षर करून वाचलं.

"माज्याच नावचा हाय?"

"हो."

"आडनाव कुठं गेलं?"

"ते दुसऱ्या पासावर आहे."

"त्यो कुणाकडं?"

"माझ्याकडे."

त्यांनी पास उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. "आन् माज्या आदीचा नंबर कुणाचा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फाटकातून आत जाताना त्यांनी पास डोक्यावरच्या टोपीत खोचला. येणार की नाही ते बोलले नाहीत, आणि आईला काय सांगायचं या विचारात परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली तरी मी उभीच राहिले.

"काय म्हनले?" आईनं विचारलं.

"पास घेतला."

"घेतला ना," ती म्हणाली. सभेपर्यंत हा एवढा आधार तिला पुरला.

सभा दौंडला होती, संघाच्या शीतकेंद्राच्या मैदानावर. भाच्यानं स्वतः उभं राहून मैदानावर फक्कीच्या ओळी मारून घेतल्या होत्या आणि प्रत्येक जागेपुढे नंबर घातला होता. प्रोग्रॅमच्या आतलं जे होतं ते त्यानं बाहेर मातीत काढून दाखवलं होतं. आप्पांना ते इतकं आवडलं की ते स्टेजवरून खाली उतरेनात. लोक पास हातात धरून आपापला नंबर शोधत होते. एकानं वडिलांचा हार घातलेला फोटो आणून त्यांच्या नंबरावर ठेवला, त्याच्यापुढे पत्रावळ मांडली आणि शेजारी आपण बसला. चार भाऊ आडनावाच्या एका जागेवर एकमेकांना पाठ टेकून चहूकडे तोंड करून बसले. कोऱ्या पासाच्या जागी शेवटी कुणीच बसलं नाही, कारण दोन्ही संचालकांनी एकमेकांना बसू दिलं नाही. तरी वाढप्यांना हुकूम होता, म्हणून तिथेही पत्रावळ पडली.

आई आपल्या नंबरावर बसली होती. नवं लुगडं. मी माझ्या नंबरावर. आमच्या मधला नंबर मोकळा होता. भात आला, वांग्याची भाजी आली, आमटी आली. आई समोर बघत होती. मी रस्त्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, नाही आले तर आज शेडला जाऊन तमाशा करते. आणि मग ते आले. इस्त्रीचा सदरा, हातात पास. एकेक नंबर वाचत वाचत ओळीतून आले, आमच्या मधल्या नंबरापाशी थांबले, पासावरचा नंबर आणि मातीतला नंबर दोनदा ताडून बघितला, आणि खाली बसले.

आमच्यात जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानतात. आईनं डोळे मिटले, मी मिटले. थोड्या वेळानं मी हळूच एक डोळा उघडून बघितलं. त्यांचेही मिटलेले होते आणि ओठ हलत होते. चहूकडे लोक आमटी भुरकत होते आणि आम्ही तिघं तसेच बसलो होतो.

"म्हशी कशा हायेत?" पहिल्या घासानंतर वडिलांनी विचारलं. ते समोर बघत बोलत होते.

"एक आटली."

"आन् दुसरी?"

"देती."

एवढ्यात बासुंदी आली आणि भडका उडाला. दूध संघाचं जेवण म्हणून बासुंदी ठरली होती, पण माणसं तिप्पट, त्यामुळे ऐनवेळी तिच्यात पाणी ओतावं लागलं होतं. सभासदांनी पहिल्या घोटात ओळखलं. "आमच्या दुधात पाणी म्हनून भाव कापता, आन् ही काय हाय?" कुणीतरी ओरडलं. "डिग्री लावा! डिग्री लावा!" दूध तपासायची काचेची डिग्री शीतकेंद्रातून खरंच कुणीतरी घेऊन आलं आणि बासुंदीच्या पातेल्यात सोडली. ती पार खाली गेली, म्हणजे पाणीच पाणी. आप्पा हात वर करून सांगत होते, की पाणी माणसानं घातलंय, कॉम्प्युटरनं न्हाई. कोऱ्या जागेवरची पत्रावळ तेवढ्यात एका कुत्र्यानं चाटूनपुसून साफ केली. त्याला कुणी हाकललं नाही, कारण तिथे कुणाचं नावच नव्हतं.

या सगळ्या गदारोळात आई जेवत होती. एरवी ती चुलीपुढे बसून चार घासांत ताट संपवणारी बाई. त्या दिवशी ती भाताचं एकेक शीत उचलत होती. आमच्याकडची रीत अशी, की पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नाही. कितीही घाई असली तरी मधून उठणं म्हणजे शेजारच्याच्या अन्नाचा अपमान. लोकांची जेवणं झाली. फोटोपुढची पत्रावळ मुलानं संपवली. भाऊ पाठी खाजवू लागले. ओळीच्या दोन्ही टोकांकडून माना लांब करून लोक आईकडे बघू लागले. आई पाण्यासारखी बासुंदी बोटाच्या टोकानं चाखत होती.

"आटप की," वडील हळूच म्हणाले.

"मला येळ लागतो," आई म्हणाली.

वाढपी जेवायचे राहिले होते, ते मागे ताटकळत उभे होते. आप्पा लगबगीनं आले. भाषणं खोळंबली होती आणि विरोधी पार्टी पातेल्याभोवती जमली होती. "बाई, जरा उरका," ते म्हणाले. आईनं मान वर न करता उत्तर दिलं, "माज्या पासावर जेवती हाय, आप्पा. कॉम्प्युटरनं बसवलंय." आप्पा दोन पावलं मागे सरले.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी काही करीन म्हणून. मला त्यांचा राग होता, आजही आहे. पण त्या वेळी त्यांनी उठू नये असंच मला वाटत होतं, आणि हे वाटतंय याचा वेगळा राग येत होता. मी वाढप्याला हाक मारली आणि आणखी भात मागितला.

भातही कधीतरी संपतो. आईनं शेवटचं शीत तोंडात टाकलं, पत्रावळ दुमडली आणि पंगत उठली. वडिलांनी तांब्या घेतला आणि आईच्या हातावर पाणी घातलं, मग माझ्या. "गाडीला जायचंय," ते म्हणाले. कुठल्या गाडीला ते आम्ही विचारलं नाही. ते स्टेशनच्या दिशेनं गेले, तेव्हा त्यांचा पास त्यांच्या नंबरावर तसाच पडला होता. आईनं तो उचलला, माती झटकली आणि पिशवीत टाकला.

आप्पांनी राजीनामा दिला नाही. बासुंदीच्या भानगडीत विरोधी पार्टीला पासांचा विसर पडला.

पुढच्या साली भाच्यानं प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता आख्खं नाव उचलून त्याची एकट्याची पंगत व्हायची आणि एकच पास निघायचा. आईचा पास मीच निमोण्याला घेऊन गेले. तिनं तो उलटसुलट बघितला, मग पिशवीत हात घालून आणखी काही आहे का ते चाचपलं.

"आन् बाकीचे दोन?"

"यंदा एकच. सगळं नाव एका ओळीत आलंय बघ. हे तुझं, हे त्यांचं, हे आडनाव."

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मधल्या नावावर बोट जरा थांबलं. "म्हंजी बसायला जागा एकच."

"एकच. दुरुस्त झालं ते आता."

"चांगलं चाललं हुतं की त्याचं," ती म्हणाली.

"जाणार ना तू जेवायला?"

तिनं पास माझ्या हातात परत दिला आणि बादली उचलली. "एकटीला जेवायला मला कितीसा येळ लागतो," ती म्हणाली आणि म्हशीची धार काढायला गेली.